खाली घातलेली नजर

नमस्कार श्रोतेहो, आज जरा लांबच्या गावाची गोष्ट, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं डाल्टन. कार्पेटच्या गिरण्यांचं गाव. 1990 नंतर या गिरण्यांत कामाला मेक्सिकोहून लोक येत गेले, मागोमाग बायकापोरं आली, आणि 2000 च्या जनगणनेत गावात जवळपास 40 टक्के लोक लॅटिनो, म्हणजे मूळचे मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकी देशांतले. जुन्या गोऱ्या रहिवाशांच्या डोळ्यांदेखत आळीच्या आळी बदलली.

भाषेची अडचण होतीच, पण मला विचाराल तर भाषेच्या आधीच गडबड होते. शाळेत बाई रागावल्या की मेक्सिकन पोर नजर खाली घालतं, घरी तेच शिकवलंय ना, मोठ्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही, आणि बाईंना वाटतं हा काहीतरी लपवतोय. आपल्याकडेही आजोबा बोलत असताना कोण वर बघायचं सांगा!

पालकांचंही तसंच. ते शाळेत फिरकत नाहीत म्हणून बाई म्हणतात यांना पर्वा नाही, आणि आईबाप म्हणतात शिकवणं मास्तरांचं काम, आपण मध्ये पडलो तर त्यांचा अपमान होईल. स्पॅनिशमध्ये 'बिएन एदुकादो' म्हणतात, ऐकायला सुशिक्षित वाटतं पण अर्थ आहे चांगल्या वळणाचा. म्हणजे बाई वाचन-गणिताबद्दल सांगत असतात आणि आईला जाणून घ्यायचं असतं की पोरगा नीट वागतो ना.

आडनावं तर दोन, आधी वडिलांचं मग आईचं. ऑफिसातला क्लार्क शेवटचं धरतो, पुढच्या वेळी फाइलच सापडत नाही.

डाल्टनचे वकील आणि माजी खासदार अर्विन मिचेल, त्यांची मुलगी शाळेत काम करायची, तिला मुलांशी बोलताच येईना. मग मिचेल यांनी खटपट करून मेक्सिकोतल्या मॉन्टेरे विद्यापीठाशी जोडून घेतलं आणि 1997 पासून तिथले शिक्षक डाल्टनच्या शाळांत यायला लागले, जॉर्जिया प्रोजेक्ट नावाने. पोरांना त्यांच्या भाषेत बोलणारं आणि आईबापांचं म्हणणं बाईंपर्यंत पोचवणारं कुणीतरी शाळेतच मिळालं.

पण मला मनापासून भावलं ते वेगळंच. एरवी नवीन आलेल्यानेच शिकायचं असं सगळे धरून चालतात, इथे मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत डाल्टनचे शिक्षक स्वतः मॉन्टेरेला गेले, स्पॅनिश शिकायला आणि आपल्या वर्गातली पोरं कुठल्या मुलखातून आली ते बघायला.