वाफेवरची मरळ

भुसावळच्या मासळी बाजारात सकाळी घमेल्यातल्या वीतभर पाण्यात मरळ वळवळताना दिसते. हा मासा वरची हवा घेऊन जगू शकतो, त्यामुळे गिऱ्हाइकापर्यंत तो जिवंत पोहोचतो, आणि वाफवण्यासाठी मासा निवडताना याहून मोठा गुण नाही. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात किंचित शिळा मासाही खपून जातो. वाफेत मात्र काहीच झाकले जात नाही. रोहू स्वस्त असतो खरा, पण त्याच्या मांसात रुतलेले बारीक दुफाट्याचे काटे भाताच्या घासात फार छळतात.

या घरी मरळ दक्षिण चीनमधल्या कँटनी रीतीने वाफवायची आहे, म्हणून तिचे बोटभर जाडीचे तुकडे केले आहेत. जळगाव जिल्ह्यात केळीच्या पानाला तोटा नाही. आचेवर फिरवून मऊ केलेले पान थाळीत पसरून त्यावर आल्याचे काप, कांद्याची पात आणि मग मासा मांडला जातो. मीठ लावलेले नाही, कारण शेवटी पडणारा सोया सॉस पुरेसा खारट असतो.

थाळी ठेवायची ती पाणी खळखळून उकळल्यावरच. वाफ गार माशावर पडून तिचे पुन्हा पाणी होते, आणि तसे होताना तिच्यात साठलेली पुष्कळ उष्णता ती माशाला देऊन टाकते. म्हणूनच एवढ्या जाड तुकड्यांना सात-आठ मिनिटे पुरतात. त्याहून जास्त ठेवले तर मांस चिवट होते. ज्या घरात वाटलेल्या डाळीचे फुणके चाळणीवर उकडले जातात, तिथे हे तंत्र शिकवावे लागत नाही. अवघड जाते ते मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात आवरणे.

सोबतीला लागणारी पाकचोई ही पालेभाजी मोहरीच्याच कुळातली. ती मिळाली नाही, म्हणून इथे मोहरीची कोवळी पाने घेतली आहेत. उकळत्या पाण्यात आधी देठ, अर्ध्या मिनिटाने पाने, आणि रंग गडद हिरवा होताच सगळे बाहेर. भातासाठी इंद्रायणीसारखा चिकटसर तांदूळ बरा, कारण माशावरचा रस तो धरून ठेवतो.

थाळीत साचलेले उग्र वासाचे पाणी आधी ओतून टाकले जाते. मग माशावर पातीचे ताजे तुकडे पसरून त्यांवर कडकडीत तापवलेले शेंगदाण्याचे तेल सोडतात आणि कडेने सोया सॉस घालतात. कँटनी स्वयंपाकातली ही रीत आपल्या वरून दिलेल्या फोडणीची सख्खी बहीणच म्हणावी, फक्त तिच्यात मोहरी-जिरे नाही. तेल पडताच चर्र आवाज होतो, आल्याचा वास ओसरीपर्यंत जातो, आणि पाटावर बसलेल्या सासूबाई पहिला घास घेण्याआधी ताटाच्या कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढून घेतात.