निळा पास, पिवळा पास

हा रस बघा. १४०० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड, भट्टी तिरकी केली की लेडलमध्ये, म्हंजे दांड्याच्या भांड्यात, पडतं आणि तिथनं दोघं जण दोन्ही बाजूंनी दांडा धरून ते साच्यात ओततात, हात जराही हलून चालत नाही. शिरोली एमआयडीसी, सकाळची पाळी. आमच्या कोल्हापूरच्या फौंड्रीतलं कास्टिंग कुठंकुठं जातं हे आपण कॉलर ताठ करून सांगतो, ओतणारा नेमका कुणाचा माणूस हे कोण विचारत नाही.

आता गळ्यातले पास बघा. निळा म्हंजे कंपनीचा, पिवळा म्हंजे कॉन्ट्रॅक्टरचा. लेडलची एक बाजू निळ्यानं धरलीय, दुसरी पिवळ्यानं. पिवळ्याला सुट्टी पाहिजे असली की सुपरवायझर म्हणतो कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सायबाला विचार, आणि सण निघून जातो. पण कायदा एवढा भोळा नाही बरं का! कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर तो कंपनीनं भरायचा, मग कॉन्ट्रॅक्टरकडनं वसूल करत बसायचं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितेतही आहे. आम्ही ज्या पिवळ्या पासवाल्यांशी बोललो त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

हे धुराडं शाहू मिलचं. १९०६ ला शाहू महाराजांनी मिल काढली, म्हंजे तेव्हा सरकार तेच आणि मालकही तेच. आता सरकार मालक आणि कामगाराच्या मधल्या तिसऱ्या खुर्चीत बसतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं ही खुर्ची मांडली. युनियन मागणीपत्र देते, मालक उत्तर देतो किंवा देत नाही, मग लेबर ऑफिसात तारीख, पुढची तारीख, सायब मीटिंगला गेलेत म्हणून परत तारीख. समेट अधिकारी निकाल देत नाही, दोघांना एका टेबलावर आणतो, जमलं तर करारावर सह्या, नाही तर कोर्ट. बाकड्यावरचे हे मामा साडीच्या दुकानाच्या पिशवीतनं पगाराच्या चिठ्ठ्या काढतायत, महिन्यावार टाचणी लावलेल्या, टाचण्यांना गंज चढलाय.

मालक म्हणतात वीज महागली, ऑर्डर कमी झाल्या, असतीलही. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, आणि कामगार कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट १०० कामगारांच्या कारखान्यावरनं ३०० कामगारांच्या कारखान्यावर गेली. छोट्या फौंड्रीत एवढी माणसं असतात कुठं.

दुसरी पाळी आत चाललीय. निळे पास मशीनवर पंच होतात. पिवळ्यांची हजेरी कॉन्ट्रॅक्टरचा पोरगा घेतोय, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून, पेन्सिलीनं.