सुप्याची होळी आणि ८६८ चा पाढा

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन. वक्ते राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहेत.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'आधी कर्ज फेडावं, की घरासाठी साठवावं?' विषय माझा, प्रश्नचिन्ह कार्यवाहांचं. प्रश्नचिन्ह असलं की गर्दी होते असा त्यांचा अनुभव आहे. गर्दी झालीय खरी, पण पुढच्या तीन रांगांतल्या मंडळींचं घर घेऊनही झालंय आणि फेडूनही झालंय. ज्यांना घर घ्यायचंय ती मुलं मागे दाराशी उभी आहेत. त्यांना मध्येच फोन घ्यायला बाहेर जावं लागतं. बहुतेक वसुलीवाल्यांचाच असणार. (हशा)

हसू नका, मी चौतीस वर्षं त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो.

तर व्याख्यानमालेवरून आठवलं. १८७५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच महिन्यात, १२ मे रोजी, सुप्याला काय झालं? आपलं सुपं, आजच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावचे शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि वह्या आणि रोखे, म्हणजे कर्जाचे लेखी कागद, बाहेर काढून त्यांची होळी केली. पुण्यात भाषणं सुरू झाली आणि जिल्ह्यात दंगा झाला. दोन्हींचा संबंध लावू नका, निदान आज तरी.

माझ्या मनात त्या होळीची एक गोष्ट कायम घर करून आहे. सोनंनाणं बाजूला ठेवा, लोकांचा खरा रोख कागदावर होता. का? त्याआधी १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला होता. रोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला, की व्याज साचत जाऊ नये. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी कुळाला बोलवायचं आणि नवा रोखा करून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, हे झालं नवं मुद्दल. कुळाला वाचता येत नाही, अंगठा लावून मोकळा. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्यामुळे चढलेला कापसाचा भाव कोसळला, सरकारनं शेतसारा वाढवला, सावकारानं हात आखडता घेतला आणि भडका उडाला. पण ती लबाडी आधीपासूनच वहीत बसलेली होती. जुनं देणं नव्या कागदावर चढवायचं आणि माणसाला वाटायला लावायचं की त्याची सोय झाली. आज त्याला टॉप-अप म्हणतात. अंगठ्याच्या जागी ओटीपी आलाय. (हशा)

आणि आपल्याकडे दामदुपट होतं! आजोबांच्या तोंडी हा शब्द ऐकलेले किती आहेत इथे? आठ-दहा हात दिसतायत. हिंदू धर्मशास्त्राचा नियम, मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानायची: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर फार तर दोनशे. आता तुमचं क्रेडिट कार्ड घ्या. महिना साडेतीन टक्के. थकलेले लाख रुपये तसेच ठेवले, तर वीस महिन्यांत दुप्पट. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी धरलात तर त्याच्याही आधी. आणि दुप्पट झालं म्हणून ते थांबत नाही. ते पुढे चालतच राहतं, आमच्या भाच्यासारखं.

भाच्याचं सांगतो. ताईची परवानगी घेतलीय, ती तिसऱ्या रांगेत बसलीय.

हा मुलगा तेविसाव्या वर्षी नोकरीला लागला, हिंजवडीत. पहिल्या पगाराआधी कार्ड हातात. गोवा झालं, फोन झाला, मित्राच्या लग्नाची वरात झाली. बिलावर दोन आकडे असतात, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्याला 'मिनिमम ड्यू' म्हणतात, म्हणजे त्या महिन्यात निदान भरायलाच हवी ती रक्कम. हा दीड वर्ष लहान आकडा भरत होता आणि म्हणायचा, मामा, माझा एकही हप्ता चुकलेला नाही. खरंच होतं ते. चुकत काहीच नव्हतं, फिटतही काही नव्हतं. मग २०२० ची टाळेबंदी आली, नोकरी गेली, कार्ड थकलं. बासष्ट हजारांचे एक्क्याण्णव हजार झाले. फोन सुरू झाले. आधी त्याला, मग ताईला, मग घरमालकाला.

एक दिवस हा पेढे घेऊन माझ्या दारात. मला वाटलं नोकरी लागली. तर म्हणतो, "मामा, एक्क्याण्णव हजारांचं प्रकरण तीस हजारांत मिटवलं!" तुळशीबागेत भाव करतात तसा केला होता म्हणे. ते म्हणाले साठ, हा म्हणाला वीस, उठून जायचं नाटक केलं, तीसवर सौदा पटला. मी विचारलं, कागद काय दिला? तो म्हणाला, सेटलमेंट लेटर दिलंय, सही-शिक्क्यासकट. मी पेढा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला. ताई, तुला आठवत असेल, तू म्हणालीस की दादाला कुणाचं चांगलं बघवत नाही.

चार वर्षं गेली. नवी नोकरी लागली, चांगली. लग्न झालं, सूनबाई कमावती. दोघांनी पुनावळ्याला फ्लॅट पसंत केला, साठ लाखांचा. बिल्डरला एक्कावन्न हजार टोकन दिलं, पावती कच्ची. मामाला विचारलं? नाही. मामाला थेट वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायचं ठरलं होतं. बँकेत गेले. तिथल्या साहेबानं भाच्याचा पतअहवाल, म्हणजे जुन्या कर्जांच्या परतफेडीची नोंद, उघडून संगणकाचा पडदा यांच्याकडे वळवला. त्या कार्डाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'सेटल्ड'. आपण त्याचा अर्थ लावतो, प्रकरण मिटलं. बँक वाचते, या माणसानं एकदा पूर्ण पैसे दिले नव्हते. 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद, आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांमध्ये साठ लाखांचा फ्लॅट अडकला.

मग वरात माझ्याकडे. मी सांगितलं, भाव करून वाचवलेले पैसे आता भरायचे. भरले, एकसष्ट हजार. नाक मुठीत धरून. मग नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, मागायचा. तो द्यायला कार्ड कंपनीनं जो छळ मांडला, तो सांगायला मला वेगळं व्याख्यान लागेल. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे वाक्य माझ्या बायकोनं घरात वापरायला सुरुवात केली. दाखला मिळाला तरी अहवालातली 'सेटल्ड' ही नोंद बदलेना. इथे मात्र एक कामाची गोष्ट लिहून घ्या: लेखी तक्रार केल्यावर तीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एप्रिल २०२४ पासून लागू. भाच्याचं काम एक्केचाळिसाव्या दिवशी झालं. अकराशे रुपये खात्यात आले. त्याचे ताईनं पुन्हा पेढे आणले! (हशा)

फ्लॅट? तो तोवर दुसऱ्यानं घेतला. टोकन परत मिळवायला आणखी तीन महिने.

हे लांबलं, मला कळतंय. चिठ्ठी आलीय. 'सात मिनिटं'. कार्यवाहांचं अक्षर सुंदर आहे.

माझा मुद्दा एवढाच होता की सुप्याची वही जाळता आली, तुमची येत नाही. ती वाचा तरी. दंग्यानंतर १८७९ साली कायदा झाला, त्यानं न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासायचा अधिकार दिला. तुमच्याकडेही तसा अधिकार आहे. देशात पतनोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली एक. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात पतीचे गुण ३०० ते ९०० मध्ये असतात, पण गुणाकडे नंतर बघा, आधी एकेक ओळ वाचा. घर बघायला सुरुवात करण्याच्या वर्षभर आधी वाचा. कागद दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात ते ऐकलंत.

आता पाढा. भरभर सांगतो. साडेआठ टक्के, वीस वर्षं, एक लाखाच्या गृहकर्जाला महिना ८६८ रुपये हप्ता. दर थोडा इकडेतिकडे होईल, पण पाढ्याला एक आकडा लागतो. तुमचा हातात येणारा पगार ऐंशी हजार धरा. बँक साधारण निम्मा पगार सगळ्या हप्त्यांसाठी सोडते, म्हणजे चाळीस हजार. भागिले ८६८. शेहेचाळीस लाखांचं घरकर्ज मिळतं. आता तुमच्यावर पाच लाखांचं पर्सनल लोन आहे, चौदा टक्के, पाच वर्षं. हप्ता ११,६३४. तोही ८६८ नं भागा. तेरा लाख चाळीस हजार. म्हणजे पाच लाखांच्या कर्जानं तुमच्या घराचे तेरा लाख अडवलेत. बेचाळीस हजारांचा फोन बिनव्याजी बारा हप्त्यांवर घेतलात? महिना साडेतीन हजार. तो चालू असेपर्यंत चार लाख अडले. एक खोली गेली! शेवटचे दोन-चार हप्ते उरले असतील तर काही बँका ते धरत नाहीत, पण भरवशावर राहू नका.

यातूनच क्रम निघतो. आधी कार्ड, कारण त्याचं व्याज घर पोखरतं. मग मात्र सर्वांत मोठं कर्ज नाही. ज्याची बाकी थोडी आणि हप्ता मोठा, ते. बाकी साठ हजार आणि हप्ता सहा हजार असं गाडीचं कर्ज असेल तर ते उडवा, सात लाखांची पात्रता मोकळी होते. नो ड्यूज घ्या, फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, बँकेचा बोजा उतरवा. पर्सनल लोनचा दर बहुधा स्थिर असतो, त्यामुळे मुदतीआधी फेडायला दंड पडू शकतो, तो विचारा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला असा दंड नाही.

आणि साठवायचं किती? साठ लाखांच्या फ्लॅटला बँक ऐंशी टक्के देते. बारा लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, चार लाख वीस हजार. एकट्या बाईच्या नावावर घेतलंत तर एक टक्का कमी. (टाळ्या) नोंदणी तीस हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, तीन लाख. झाले साडेएकोणीस. मुद्रांक आणि नोंदणी कर्जात धरत नाहीत, हे बारा लाख साठवून आलेल्यांना माझ्या टेबलासमोर कळायचं. मग ते पर्सनल लोन काढायचे डाउन पेमेंटसाठी, की पुन्हा पाढा पहिल्यापासून! ते करू नका. आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा, कायदाच आहे तसा.

म्हणजे प्रश्नचिन्हाचं उत्तर... दोन्ही एकदम करता येतं का? थोडं येतं. तीन हप्त्यांइतके पैसे बाजूला ठेवा, बाकी सगळं फेडण्याकडे, आणि कर्ज संपलं की तोच हप्ता त्याच तारखेला आरडीत. मला स्वतःला हे करावं लागलं नाही, हेही कबूल करतो. आम्हा बँकवाल्यांना स्टाफ रेट, म्हणजे सवलतीचा व्याजदर, होता.

आणखी एक चिठ्ठी आलीय, ही कार्यवाहांची नाही. 'मी साडूच्या कर्जाला जामीन आहे. ते माझ्या अहवालात दिसतं का?' दिसतं. साडूनं हप्ता चुकवला तर तेही दिसतं. कुणी लिहिलीय चिठ्ठी? हात वर करायची गरज नाही, साडू शेजारी बसले असतील. (हशा) घरी गेल्यावर त्यांना फोन करा आणि बाकी किती राहिलीय तेवढं विचारा. चहा मागच्या खोलीत ठेवलाय म्हणतात.