सोयाबीनच्या दुधाच्या दुकानात

नमस्कार मंडळी. हातात चहा असेल तर असू द्या, आजची गोष्ट पण नाश्त्याच्या टेबलावरच सुरू होते.

१९७४ सालचा फेब्रुवारी, तैपेई शहर, सोयाबीनचं दूध विकणारं एक साधं दुकान, आणि सकाळी सकाळी तिथे सात जण बसलेत, कोण मंत्री, कोण सरकारी अधिकारी, आणि एक पान वेन-युआन, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतला इंजिनिअर. विषय काय, तर तैवानने चिप बनवायला शिकायचं. तेव्हा तैवान म्हणजे कपडे, खेळणी, स्वस्तातला माल.

चिपचं माहेर अमेरिका. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या इवल्याशा स्विचचा, शोध १९४७ला न्यू जर्सीत, बेल लॅब्समध्ये लागला, मग १९५६ला त्या शोधकर्त्यांपैकीच एक असलेल्या शॉकलीसाहेबांनी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला लॅब थाटली, का तर एक कारण असं की त्यांची आई शेजारच्या पालो आल्टोत राहायची! सिलिकॉन व्हॅलीचा पत्ता आईमुळे ठरला म्हणा ना (थोडं वाढवून सांगतोय, माफ करा).

तर तैवानने आरसीएकडून तंत्र विकत घेतलं, पण नुसत्या कागदांवर थांबले नाहीत, १९७६ला तरुण इंजिनिअर तिकडे शिकायला धाडले. मला यातली खरी ग्यानबाची मेख हीच वाटते. ही विद्या बरीचशी हातात असते हो, कुठे काय बिघडतंय ते मशीनशेजारी उभं राहूनच कळतं, वाचून पुरणपोळी जमते का कधी? १९८०मध्ये शिंचू सायन्स पार्क उभं राहिलं. मग मॉरिस चँग आले, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन चिप कंपनीत २५ वर्षं काढलेला माणूस, ५४व्या वर्षी तैवानला गेला आणि १९८७ला टीएसएमसी ही कंपनी काढली, जी स्वतःची चिप विकतच नाही, फक्त दुसऱ्यांच्या डिझाइनची बनवून देते. इंटेलने पैसे घालायला नाही म्हटलं, फिलिप्सने घातले. आज ॲपलच्या फोनमधला प्रोसेसर तिथूनच येतो.

म्हणजे सगळं आता तैवानचंच का, तर तसंही नाही, त्या चिपवर नक्षी कोरणारं मशीन नेदरलँड्सच्या वेल्डहोवन गावातून येतं.

आता गंमत ऐका. २०२०मध्ये टीएसएमसीने ॲरिझोनात कारखाना काढायचं जाहीर केलं, आणि तिथे नोकरीला घेतलेले अमेरिकन इंजिनिअर आधी कुठे गेले? तैवानला, ताइनान शहरात, महिनोन् महिने, मशीनशेजारी उभं राहून शिकायला. आणि आरसीए? ती १९८६लाच विकली गेली होती.