टॉरच्या शेवटच्या टोकाला

[दृश्य: अंधाऱ्या पडद्यावर सरकत जाणारी ईमेल खात्यांची यादी. पासवर्ड धूसर केलेले.]

ऑगस्ट २००७. संगणक-सुरक्षेचं काम करणारा स्वीडनचा एक तरुण, डॅन एगरस्टाड, आपल्या संकेतस्थळावर १०० ईमेल खाती पासवर्डसकट टाकून मोकळा होतो. इराणचे दूतावास, उझबेकिस्तानचे, कझाकस्तानचे. भारताचेही. डीआरडीओ आहे, आणि आपल्या खडकवासल्याची एनडीएसुद्धा.

ही खाती त्यानं फोडली नव्हती. टॉर नावाच्या जाळ्यात त्यानं स्वतःचे पाच सर्व्हर जोडले होते, आणि त्यांतून काय वाहतंय ते बघत होता.

[दृश्य: नकाशावर तीन ठिपके, एका रेषेनं जोडलेले.]

एरवी आपण एखादी साइट उघडली की तिला आपला आयपी पत्ता कळतो, आणि आपण कुठे गेलो ते इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळतं. टॉर या वाटेत तीन सर्व्हर घालतं. मजकुरावर एन्क्रिप्शनचे, म्हणजे सांकेतिक कुलपाचे, तीन थर चढतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. प्रत्येक सर्व्हर एकेक सोलतो. पहिल्याला तुम्ही कोण ते ठाऊक, कुठे निघालात ते नाही. तिसऱ्याला कुठे ते ठाऊक, कोण ते नाही. मधल्याला दोन्हींचा पत्ता नाही.

ही युक्ती १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. पण एकटं नौदलच ती वापरू लागलं, तर या वाटेनं येणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शेंबडं पोरही ओळखेल. लपायला गर्दी हवी, म्हणून ती सगळ्यांना खुली करणं भाग होतं.

गोम आहे तिसऱ्या सर्व्हरपाशी. शेवटचा पापुद्रा तिथे निघतो, आणि मजकूर मुळात जसा असेल तसा पुढे जातो. त्या काळी मेलचे पासवर्ड सर्रास उघडेच जायचे. एगरस्टाडचे सर्व्हर याच शेवटच्या टोकाला होते, त्याला ते आयते सापडले. त्याला तर वेगळाच संशय होता: ही खाती दूतावासातली माणसं उघडतच नसावीत, आधीच पासवर्ड लांबवलेलं कुणीतरी टॉरच्या आडून त्यांच्या मेल वाचत असावं. चोरावर मोर!

[दृश्य: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस'.]

आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आल्यात, म्हणजे मजकूर थेट साइटपर्यंत कुलूपबंदच जातो. त्यामुळे त्या तिसऱ्या सर्व्हरला साइटचं नाव कळतं, पासवर्ड दिसत नाही.

गर्दीचा प्रश्न मात्र राहतोच. डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टॉरमधून बॉम्बच्या धमकीची मेल धाडली. वायफाय विद्यापीठाचंच. त्या सुमारास कॅम्पसवर टॉर कोण वापरत होतं एवढंच तपासलं, आणि पोरगा सापडला. टॉरचं कुलूप कुणी तोडलंच नव्हतं.

ब्राउझरमधल्या 'इनकॉग्निटो' या खासगी खिडकीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. ती फक्त तुमच्या यंत्रावर हिस्ट्री ठेवत नाही. आणि टॉर ब्राउझर उघडून तुम्ही स्वतःच्याच जीमेलमध्ये लॉगिन केलंत, तर गूगलला तुम्ही कोण ते कळलंच. मध्ये सर्व्हर तीन असोत की तीनशे.