भाड्याचा बाप आणि तिस्तेचं पाणी

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘तिस्तेचं पाणी आणि भारत-बांगलादेश संवाद’. तिस्ता म्हणजे सिक्कीममधून निघून पश्चिम बंगालमार्गे बांगलादेशात जाणारी नदी. तिच्या पाण्याकडे येतोच, पण जमिनीवरून चालत येतो. आणि ‘सीमाप्रश्न’ म्हटल्यावर इथल्या निम्म्या लोकांच्या मनात बेळगाव आलं असणार, हेही मला ठाऊक आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. तेव्हा उशिराबद्दल आपण इतरांना हसू नये. (हशा)

परवा एका वाहिनीवर गेलो होतो. पडद्यावर आठ चौकटी, आठ तोंडं, सगळी उघडी. निवेदकानं विचारलं, ‘‘सर, एका वाक्यात सांगा, बांगलादेश मित्र की शत्रू?’’ मी म्हटलं, ‘‘शेजारी.’’ तेवढ्यात जाहिरात लागली. जाहिरात संपल्यावर माझी चौकटच गायब! त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते आज तुमच्या माथी मारतोय.

तर, छिटमहल, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाच्या जमिनीचे तुकडे. आपल्या आज्या ठिपक्याठिपक्यांच्या कापडाला चीट म्हणायच्या, आठवतंय? पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारच्या सीमेचा २०१५ पूर्वीचा नकाशा तसा दिसायचा. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात, त्यांचे ५१ आपल्या पोटात. दहाला खगराबाडी नावाची जेमतेम पावणेदोन एकर जमीन होती. ती भारताची. तिच्याभोवती बांगलादेश, त्याच्याभोवती पुन्हा भारत आणि त्याच्याभोवती पुन्हा बांगलादेश! लोक सांगतात, कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावं पणाला लावायचे, त्यातून हे झालं. गोष्ट झकास आहे, खरी नाही. १७१३ च्या सुमारास मुघल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला आणि ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याच्याकडेच राहिलं. तेव्हा त्याचा कुणाला त्रास नव्हता. त्रास १९४७ नंतरचा.

त्या तुकड्यातल्या माणसाला आपल्याच देशात जायचं तर मधे परका देश ओलांडायचा. त्यासाठी पासपोर्ट हवा. आणि पासपोर्टासाठी आधी आपल्या देशात जायला हवं! मग पोराला शाळेत घालायचं कसं? बाहेरच्या गावातला एखादा ओळखीचा माणूस गाठायचा आणि कागदावर बाप म्हणून त्याचं नाव लावायचं. भाड्याचा बाप. सख्खा बाप घरी, कागदावरचा शेजारच्या गावात. शेजारी राष्ट्रांच्या संबंधांवर मी पुष्कळ जाडजूड ग्रंथ वाचलेत, पण हा बाप मला त्यांत कुठे भेटला नाही.

तीन बिघा ऐका. भारताच्या हद्दीतली पावणेदोनशे मीटरची पट्टी. दहग्राम-अंगारपोता या बांगलादेशी तुकड्यातल्या लोकांना बांगलादेशात जायला ती १९९२ मध्ये उघडली, पण कशी? दिवसा, एक तास उघडी, एक तास बंद. आजारी माणसानं घड्याळ बघून आजारी पडायचं. चोवीस तास उघडायला २०११ उजाडलं.

हे तुकडे अदलाबदल करायचा इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे पंतप्रधान मुजीब यांचा करार मे १९७४ चा. बांगलादेशानं त्याच वर्षी घटनादुरुस्ती केली. आपण? शंभरावी घटनादुरुस्ती, २०१५. एक्केचाळीस वर्षं! आणि गंमत म्हणजे शेवटी दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री जमीन बदलली. तिकडच्या भारतीय तुकड्यांतून इकडे आले हजाराच्या आत लोक. इकडच्या बांगलादेशी तुकड्यांतून तिकडे कुणीच गेलं नाही.

(अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली) सात मिनिटं? बरं. तिस्ता.

जमीन सुटली आणि तिस्ता अडली, असं का? माझं म्हणणं एवढंच की दिल्ली-ढाक्याच्या टेबलाला तिसरी खुर्ची लागते, राज्य सरकारची. जमिनीच्या वेळी ती होती. २०११ मध्ये दोन्ही देशांनी मिळून त्या तुकड्यांत शिरगणती केली, आणि पुढे पुनर्वसनाच्या खर्चाचं बोलणं झाल्यावर पश्चिम बंगालचं सरकार राजी झालं. गंगेच्या पाणीवाटपाच्या १९९६ च्या कराराआधी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. आणि तिस्ता? सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले, तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐन वेळी जायला नकार दिला, तिस्ता कराराचा मसुदा तसाच राहिला. तिस्तेवरचं गाजोलडोबाचं धरण पश्चिम बंगालमध्ये, कालवे त्यांचे, पाणी घटनेप्रमाणे राज्याचा विषय, आणि खुर्ची मात्र पाहुण्याची. कृष्णेवर आपण वरचे आहोत, त्यामुळे वरच्याची भाषा आपल्याला समजायला हरकत नाही. (हशा) तिसरी खुर्ची खोडाही घालते, हे मान्य. सिक्कीमसाठी चौथी आणावी लागेल, हेही मान्य.

गंगेचा हिशेब घाईत सांगतो. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांनी. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यापाशी प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं निम्मं. ७५,००० पर्यंत बांगलादेशाला ३५,०००, त्यापुढे भारताला ४०,००० आणि उरलेलं त्यांना. ५०,००० च्या खाली गेलं की तातडीनं बोलणी. फराक्का आणि बांगलादेशातला हार्डिंज पूल, दोन्हीकडे दोन्ही देशांची माणसं मोजायला उभी. या पट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना कुठलीही वाहिनी बोलावत नाही. कराराची मुदत तीस वर्षं, म्हणजे १२ डिसेंबर २०२६. नव्या टेबलाला खुर्च्या किती, ते आधी विचारा, टक्के नंतर.

घंटा वाजली. सिक्कीमचं राहिलं, ते चहाच्या टेबलापाशी विचारा.