आधी छप्पर, मग यादी

(मडगावात जुन्या घरांचे मालक, भाडेकरू आणि पालिकेचे कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. शहरात वारसा जतनाचा स्थानिक कार्यक्रम कसा उभा करावा, हा विषय मला दिला आहे. हा विषय निघाला की पहिल्या सूचना ठरलेल्या असतात: समिती नेमा, यादी करा, फलक लावा. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करणार आहे, म्हणजे छपरापासून.

इथल्या बोर्डा भागातले सात बुर्जांचे घर तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. ते 1790 च्या सुमाराचे. सात बुर्जांपैकी आज तीन उभे आहेत. ज्या घराचे नाव प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत छापून येते, त्याचे हे आहे. मग कोंब भागातल्या गल्लीत जे घर कुणाच्या पुस्तिकेत नाही, त्याचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे जुने घर बुलडोझरने पडते असे वर्तमानपत्र वाचून वाटते. बुलडोझर येतो तो शेवटी, तेराव्याच्या जेवणाला आल्यासारखा. त्याआधी घर पावसाने पडलेले असते. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक मंगळुरी कौल तडकते, आंब्याची फांदी पडून किंवा माकडांच्या उड्यांनी. पाणी रिपेवर येते, रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या खऱ्या, पण पुष्कळ जुन्या घरांत चिरे मातीत बसवलेले असतात आणि चुना फक्त वरून असतो. माथ्यातून पाणी शिरले की सांध्यांतली माती वाहू लागते आणि भिंतीला पोट सुटते. आढ्याला वाळवी लागलेली असतेच. चार पावसाळे शाकारणी झाली नाही, तर पाचव्या वर्षी येणारा अभियंता 'धोकादायक' असा शेरा मारतो, आणि तो शेरा खोटा नसतो. म्हणून जतनाचा कार्यक्रम म्हणजे सर्वात आधी वेळेवर छप्पर परतायची व्यवस्था. ती नसेल तर यादी ही मरणाऱ्या घरांची नोंदवही होते.

मग मालक शाकारणी का करत नाही? पैसा नसतो, हे काही घरांत खरे आहे. पण त्याहून जास्त घरांत 'मालक' असा एकवचनी माणूसच नसतो. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्याला जे दिले, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. नवराबायकोची मालमत्ता सामाईक, मुलगा-मुलगी दोघांना हक्क, इस्टेटीचा अर्धा भाग वारसांपासून काढून घेता येत नाही. वारसा हक्काचा तो भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आला आहे. न्याय्य व्यवस्था आहे ती. पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली नाही आणि दोन पिढ्या सरल्या की एका घराला वीस-पंचवीस सह्या लागतात. एक सही दादरला, एक लिस्बनला, एक टोरांटोला, आणि एक त्याच घराच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या काकीची. शाकारणीचा खर्च काकीने करावा आणि हिस्सा सर्वांना सारखा मिळावा, असा हा मामला आहे. त्यात 1968 च्या भाडे कायद्याखालचा भाडेकरू असेल तर तो म्हणतो घर मालकाचे, मालक म्हणतो भाडे किती येते ते बघा. दोघांचेही म्हणणे हिशेबाने बरोबर, आणि पाणी गळतेच आहे.

मुंबईची नियमावली किंवा अमेरिकेतला एखादा नमुना उचलून इथे चिकटवला तर तो याच सह्यांवर अडतो. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने 1931 मध्ये जुन्या वस्तीसाठी वेगळे क्षेत्र आखले आणि बाह्य बदल तपासणारे मंडळ नेमले. पुढे 1966 चा राष्ट्रीय कायदा आला. 1980 च्या दुरुस्तीने त्यात एक चांगली गोष्ट घातली: ज्या गावाकडे स्वतःचा जतन-नियम आहे, आयोग आहे, घरांचे सर्वेक्षण चालू आहे आणि लोकांना बोलायला जागा आहे, त्या गावाला प्रमाणपत्र मिळते, आणि राज्याला आलेल्या संघीय जतन-निधीतला किमान 10 टक्के वाटा अशा प्रमाणित गावांकडे द्यावा लागतो. म्हणजे आधी घडी बसवा, मग पैसा. हे आपण घ्यावे. पण तिथला सगळा डोलारा गृहीत धरतो की दार ठोठावले तर उघडणारा एक मालक आहे.

आपल्याकडे दार कधी उघडते? चतुर्थीला. वर्षभर कुलूप असलेले घर चतुर्थीला उघडते, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली जाते, मुंबई-पुण्याचे भाऊ येतात. ख्रिस्ती कुटुंबे नाताळला जमतात. तर पालिकेने संमतीची कामे या दोन वेळांना करावीत. आरतीच्या वेळी फाइल घेऊन जा असे मी म्हणत नाही, मार खाल. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवांतपणी एक कारकून आणि एक नोटरी त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, बसले, तर टपालाने दोन वर्षांत न मिळणाऱ्या सह्या एका दुपारी मिळतील. आणि संमती विक्रीची मागायची नाही, फक्त दुरुस्तीची: 'छप्पर दुरुस्त करायला आमची हरकत नाही, याने कोणाचा हिस्सा वाढत किंवा कमी होत नाही.' एवढे एक वाक्य कागदावर असले की काकीचा जीव भांड्यात पडतो. चतुर्थीला सही, ऑक्टोबरात अंदाजपत्रक, दिवाळीनंतर काम, एप्रिलपर्यंत पूर्ण. आपल्या हवामानाला दुसरे वेळापत्रक चालत नाही, आणि सरकारी अनुदान मार्चअखेर येते हे तर त्याहून चालत नाही.

आता सर्वेक्षण. ते लागतेच. शहरात प्रत्येक जागेला नगर भूमापनाचा चलता नंबर आणि पीटी शीट नंबर आहे, म्हणून घरांची नोंद त्याच क्रमांकाने व्हावी, म्हणजे पालिकेत बांधकाम परवान्याचा अर्ज आला की जुनी नोंद लगेच सापडते. नाहीतर सर्वेक्षण एका कपाटात आणि परवाना दुसऱ्या टेबलावर, असे होते. पणजीत आल्तिन्याला 1982 पासून वास्तुकला महाविद्यालय आहे. तिथली मुले मोजमापे घेतील, ती हे काम आनंदाने करतात. पण फॉर्मचा पहिला रकाना शैलीचा नको. पहिला रकाना छपराचा, दुसरा आत कोण राहते त्याचा. घर किती सालचे, खिडकीला काचेऐवजी शिंपले आहेत का, हे त्यानंतर.

इथे मला एक गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे, कारण आपल्या शहरात तीच सर्वात आधी सुटते. वारशाचे नियम बहुतेक ठिकाणी दर्शनी भागाचे असतात. रस्त्यावरून दिसते ते बदलू नका. पणजीच्या फोंतेन्हासला हे शोभते, कारण तिथले घर रस्त्याशी बोलते: सज्जे, रंगाचे पट्टे, खिडक्यांच्या कमानी. बोर्ड्याच्या आणि चर्चच्या चौकातल्या घरांनाही लागू पडते. पण कोंबमधले हिंदू घर बघा. बाहेरून साधी भिंत, लहान दार. सगळे वैभव आत: राजांगण म्हणजे घरामधले उघडे अंगण, मधले तुळशीवृंदावन, भोवतीच्या ओवरीचे खांब, देवखोली. 1892 साली स्वामी विवेकानंद मडगावला आले तेव्हा त्यांचा मुक्काम दामोदर साल या घरात होता. ती वास्तू तुम्ही रस्त्यावरून जाताना काय ओळखणार? दर्शनी भागाचा नियम अशा घराला वाचवत नाही. भिंत तशीच ठेवून आत राजांगणावर स्लॅब टाकली, तरी नियम पाळलाच म्हणायचा. आणि पाहणी करणाऱ्याला आत घ्यायचे की नाही, ते घरधनी ठरवतो. त्यामुळे सर्वेक्षण हे कॅमेऱ्यापेक्षा ओळखीवर चालणारे काम आहे. मुलांबरोबर त्या वाड्यावरचा एक माणूस असलाच पाहिजे. जाता जाता एक: पर्यटन खाते आणि हॉटेलवाले सगळ्यालाच 'पोर्तुगीज घरे' म्हणतात. ती बांधली इथल्या गवंड्यांनी आणि मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, इथल्या चिऱ्याने, राहिली इथलीच कुटुंबे. ते लेबल आपण तरी वापरू नये.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळे व्याख्यान होईल. केंद्राचा 1958 चा कायदा आणि गोव्याचा 1978 चा पुरातत्त्व कायदा हे स्मारकांसाठी आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि पुढच्या 200 मीटरांत नियमन, हे 2010 च्या दुरुस्तीने कायद्यात पक्के झाले. तुमच्या-आमच्या घराला त्यांतले काही लागू नाही. आपला आधार दोन ठिकाणी आहे. एक, 1974 चा नगर नियोजन कायदा, ओडीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, आणि 2010 ची बांधकाम नियमावली, जिच्यात जतन क्षेत्राच्या तरतुदी आहेत. हे काम पीडीए, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरण, आणि नगर नियोजन खात्याचे. दोन, पालिकेचा बांधकाम परवाना. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांत सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देणे ही नोंद आहेच. म्हणजे कार्यक्रमाचा एक पाय पीडीएत आणि एक पालिकेत. दोन्ही कार्यालयांत तीच घरांची नोंद असली नाही, तर अर्जदार जिथे सोपे तिथून वाट काढतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: 'माझ्या घरावर बंधन घातले, तर शेजाऱ्याला सहा मजले आणि मला एक. माझे नुकसान कोण भरणार?' रास्त प्रश्न आहे. मुंबईत 1995 च्या वारसा नियमांनी सहाशेहून अधिक वास्तूंची श्रेणीवार यादी केली आणि न वापरलेला एफएआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, दुसरीकडे विकायची सोय ठेवली. अहमदाबादनेही पोळांतल्या लाकडी घरांसाठी तोच मार्ग घेतला. तिथे महापालिकेत 1996 पासून वारसा कक्ष आहे, आणि 2017 मध्ये ते भारतातले पहिले जागतिक वारसा शहर झाले. मडगावात मी हा मार्ग सुचवणार नाही. मुंबईत तो एफएआर प्रामुख्याने उपनगरांत जिरला. इथे तो जिरवायला जागा म्हणजे फातोर्डा, नावेली आणि भोवतालची शेते. कोंबचे राजांगण वाचवायला खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेते, भरायचे, हा सौदा मला मान्य नाही. त्यापेक्षा नियम घरापुरता न ठेवता संपूर्ण वाड्याला लावा, म्हणजे शेजाऱ्याचे सहा मजलेही होणार नाहीत. नोंदलेल्या आणि राहत्या घराची घरपट्टी माफ करा. पालिकेच्या तिजोरीला त्याने भोक पडणार नाही. आणि शाकारणीच्या खर्चात हिस्सा द्या. पुदुच्चेरीत दर्शनी भागासाठी मालकाच्या खर्चाला जोड देणारी अनुदाने दिली गेली. आपण ती छपराला द्यावी. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी ऐतिहासिक वास्तूंसाठी वापरता येतो, 2013 च्या कंपनी कायद्यात तशी नोंद आहे. पण तो पालिकेच्या जुन्या इमारतीसारख्या सार्वजनिक वास्तूंकडे वळवा. खाजगी घरात कंपनीचा पैसा आला की पाठोपाठ कंपनीचा फलक येतो.

अनुदानाला एक अट मात्र हवी: शिमिट, म्हणजे सिमेंट, नको. चिरा हा पाणी पिणारा दगड आहे. चुन्याचा गिलावा ते पाणी उन्हाळ्यात बाहेर सोडतो. शिमिटाचा गिलावा ते आत कोंडतो, मग क्षार फुटतात, पोपडे सुटतात, आणि चिराच भुसभुशीत होतो. चांगल्या मनाने केलेल्या दुरुस्तीने घर लवकर मरते ते असे. अडचण ही की चुना मुरवणारा, मळणारा गवंडी आता शोधावा लागतो. कॉन्क्रीटच्या कामावर त्याला रोजची मजुरी मिळते, चुन्याच्या कामाचा भरवसा नाही. पालिकेने दर हिवाळ्यात ठरावीक घरांची छपरे आणि गिलावे यांचे काम एकत्र काढले, तर त्याच माणसांना पाच महिने सलग काम मिळेल आणि हाताखाली दोन पोरगे तयार होतील. प्रशिक्षण शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. काम असले की शिकणारे येतात.

दुसरी चिठ्ठी: 'फोंतेन्हाससारखे कॅफे आणि फोटोवाले इथे येतील का?' येतील, आपण बोलावले तर. तिथे रहिवाशांना दारावर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. एखादे घर अतिथिगृह होऊन वाचले तर वाईट नाही, पण सगळा रस्ता झाला तर चतुर्थीला घर उघडायला कोणी येणार नाही. म्हणून घरपट्टीची माफी आणि अनुदान राहत्या घरालाच, हे मी आधी म्हणालो ते मुद्दाम. हॉटेलवाल्याला कौलांचे पैसे पालिकेने देण्याचे कारण नाही.

शेवटची चिठ्ठी समितीविषयी आहे: कोण असावे? सात जण पुरेत. पीडीएचा एक, पालिकेचा अभियंता, एक वास्तुविशारद जो त्या शहरात स्वतः बांधकामे घेत नाही, वारसाहक्काचा कायदा जाणणारा एक वकील, जुन्या घरात राहणारे दोघे, त्यांतला एक भाडेकरू. आणि एक मेस्त. त्याला बैठकीचा भत्ता इतरांहून जास्त द्यावा, कारण त्या दिवशी त्याचा रोज बुडतो. बैठक मे महिन्यात ठेवू नका, तेव्हा तो कुणाच्या तरी छपरावर असेल.